तिसरं माणूस

मसुदा बावीस पानांचा होता आणि तेजल ओव्हाळ दुसऱ्याच पानावर अडली. तिथं व्याख्या होती : 'सहप्रवासी वाहन म्हणजे चालकासह तीन किंवा अधिक व्यक्ती असलेले, भाडे न आकारणारे खासगी चारचाकी वाहन.' तिनं ते वाक्य दोनदा वाचलं, पेन्सिलीनं खाली रेघ ओढली आणि समोरच्या टेबलाकडं बघत म्हणाली, "सर, यात जीप बसत नाही."

"कुठली जीप?" सुहास केदारींनी मान वर न करता विचारलं.

"पवनानगरहून लोणावळ्याला जाते ती. सीटवर भाडं घेणारी, वडाप."

सुहास केदारी त्या वाहतूक नियोजन कक्षाचे प्रमुख. कक्ष म्हणजे वडगावात बाजारपेठेच्या मागं, एका मेडिकलच्या दुकानावर भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. पाच माणसं, त्यातली दोन कंत्राटी. तेजल त्या दोघांतली एक. भाजे गावची मुलगी, इंजिनीअर झालेली, रोज सकाळी स्कूटीवरून वडगावला यायची. गेलं वर्षभर तिच्याकडं एकच काम होतं. शनिवार-रविवारी कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत जुन्या हायवेवर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यावर तोडगा. वरून तोडगा ठरूनच आला होता : उजवीकडची एक लेन सकाळी आठ ते बारा फक्त तीन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांना. आधी चाचणी घ्यायची, आणि ती जमली तर तेच धोरण राज्यभर.

तेजलला ही कल्पना मनापासून आवडली होती. म्हणूनच ती चार शनिवार कामशेतच्या नाक्यावर पुठ्ठ्याला कागद लावून उभी राहिली होती, आणि काचेतून डोकावून प्रत्येक गाडीतली डोकी मोजली होती. ती मोजदाद सांगत होती की फिरायला येणाऱ्या गाड्या आधीच भरलेल्या असतात. कुणी एकट्यानं धबधबा बघायला येत नाही. एकटे असतात ते इथले. शाळेतला मास्तर, नळदुरुस्तीवाला, आईला दवाखान्यातून आणायला निघालेला मुलगा. आणि सगळ्यात जास्त माणसं एकाच गाडीत सापडतात ती पवनानगरहून येणाऱ्या हौशीरामच्या वडाप जीपमध्ये. अकरा. कधी बारा.

"सर, शनिवार-रविवारी त्या जीपमध्ये सगळ्या बायका असतात. लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या खोल्या आवरतात, बंगल्यांवर भांडी घासतात. पाहुणे येतात त्याच दिवशी त्यांचं काम. म्हणजे पाहुण्यांच्याच गर्दीत त्या अडकणार, आणि लेन मोकळी मिळणार पाहुण्यांना."

केदारींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण तीस वर्षांत त्यांनी इतके मसुदे बघितले होते की आता एखाद्या वाक्यावर चिडणं त्यांना जमत नव्हतं.

"तेजल, त्या जीपला परवाना नऊ जणांचा. बसवतो बारा. सरकारनं त्याला लेन दिली तर उद्या अपघात झाल्यावर पहिलं बोट कुणाकडं?"

"नऊच बसवले तर?"

केदारींनी चष्मा पुन्हा लावला. "नऊच बसवले तर बघू. आदेशात एक कलम घालता येईल. परवानाधारक, क्षमतेइतकेच प्रवासी. मी बोलतो पुण्याला."

पुण्याला म्हणजे अनघाशी. ती सल्लागार संस्थेकडून आली होती. मसुदा तिनंच लिहिला होता. तेजलनं केदारींचं 'बघू' हे 'हो' धरलं, आणि तिथंच तिची चूक झाली.

शुक्रवारी ती कामशेतला जीपच्या थांब्यावर गेली. हौशीराम बॉनेटवर पाय सोडून बसला होता. साठीकडं झुकलेला, अंगानं किरकोळ, आवाज मात्र स्टँडभर जाणारा. तेजलनं त्याला सगळं समजावलं. नऊच सीट घ्यायच्या, मग उजव्या लेननं सुसाट.

"नऊ?" हौशीराम म्हणाला. "सात जनी पवनानगरलाच बसत्यात. हितं चौघी असत्यात. त्यातल्या दोघींला काय सांगू? चालत जा म्हनू?"

"भाऊ, तुमची गाडी अर्ध्या तासात पोचली, तर परत येऊन त्या दोघींना घेऊन जाल की. आत्ता दीड-दोन तास लागतात."

हौशीरामनं हिशेब केला. दोन फेऱ्या होत होत्या. "आन् लेनमधी घेतील नक्की? तुमी लिहून द्याल?"

"आदेशातच येणार आहे," तेजल म्हणाली.

शनिवारी सकाळी साडेसातला ती नाक्यावर हजर होती. केशरी शंकू मांडून झाले होते. निळ्या टोप्या घातलेले वॉर्डन, मोठा फलक, फलकावर गाडीचं चित्र आणि त्यात हसणारी तीन माणसं. अनघा पुण्याहून आली होती; पांढऱ्या बुटांवर चिखल उडू नये म्हणून जपून चालत होती. तेजलनं तिच्याकडं आदेशाची प्रत मागितली आणि उभ्याउभ्याच चाळली. कलम नव्हतं.

"ते जीपचं?"

"अगं, केदारी सर बोलले होते," अनघा म्हणाली. "पण भाडं घेणारी वाहनं आत आणली की टॅक्सी येतात, मग टेम्पो ट्रॅव्हलर येतात. व्याख्या ढिली होते. चाचणीत व्याख्या घट्ट हवी. पुढच्या टप्प्यात बघू या."

तेवढ्यात हौशीरामची जीप आली. शब्दाला जागून त्यानं पवनानगरच्या सात आणि इथल्या दोघी बसवल्या होत्या. शालूबाई आणि झुंबरबाई थांब्यावरच राहिल्या. शालूबाईनं हातातली पिशवी खाली ठेवून कमरेवर हात ठेवले आणि जीपकडं बघत राहिली. वीस वर्षं ती त्याच जीपमध्ये, चालकाच्या मागच्या सीटवर बसत आली होती.

हौशीरामनं उजवीकडचा इंडिकेटर लावला. वॉर्डननं शिट्टी मारली, पिवळ्या नंबरप्लेटवर काठी टेकवली आणि हातानं डावीकडं दाखवलं. हौशीराम काचेतून बाहेर वाकून तेजलला शोधत होता. ती धावत गेली, वॉर्डनशी बोलली, परवाना दाखवायला लावला, नऊ डोकी मोजून दाखवली. वॉर्डन म्हणाला, "मॅडम, मला कागदात दाखवा." कागदात काहीच नव्हतं. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. जीप डाव्या लेनमध्ये गेली आणि रांगेत अडकली. आतल्या नऊ बायकांपैकी एकीनंही तेजलकडं पाहिलं नाही, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर जे घडलं ते कुणीच कागदावर मांडलेलं नव्हतं. एक पांढरी गाडी उजव्या लेनकडं वळली. आत नवरा-बायको दोघंच. वॉर्डननं त्यांनाही अडवलं. "तीन लागतील साहेब." नवरा वैतागला, त्यानं गाडी कडेला घेतली, आणि त्याची नजर थांब्यावरच्या दोघींवर गेली. काच खाली करून त्यानं विचारलं, "मावशी, लोणावळ्याला जायचंय का?"

शालूबाईनं आधी गाडी बघितली, मग गाडीतली बाई बघितली, मग झुंबरबाईकडं बघितलं. दोघी मागं बसल्या. गाडी वळली, वॉर्डननं चार बोटं मोजली आणि शंकू बाजूला केला. गाडी मोकळ्या लेनमधून अशी निघून गेली की तेजल बघतच राहिली. हौशीरामची जीप अजून पेट्रोल पंपाच्याही पुढं गेली नव्हती.

पुढच्या शनिवारपर्यंत ही बातमी पवनानगरपर्यंत पोचली होती. नाक्यावर बारा-पंधरा बायका उभ्या होत्या. एकटा-दुकटा गाडीवाला आला की थांबायचा, बायका बसायच्या, गाडी लेनमध्ये जायची. कुणी कुणाला काही देत नव्हतं. गाडीवाल्याला वेळ मिळत होता, बाईला सीट मिळत होती. बायका आपसात ठरवून दोघी-दोघीच बसत, एकटी कुणी जात नसे. शालूबाई तर पाळीच लावून देत होती. "ए, तू मागच्या गाडीत. हितं पुरुषच हाय नुसता."

तेजल त्या दिवशी पुठ्ठ्यावर भराभर लिहीत होती. बावीस पानांत जे आणायचं होतं ते इथं आपोआप आलं होतं. रिकाम्या सीटवर माणूस बसत होतं. तिनं रविवारी दुपारी घरच्या ओट्यावर बसून चार पानांचं टिपण लिहिलं : नाक्यावर थांब्याची पाटी लावावी, सावलीला शेड द्यावी, बायकांसाठी एक फोन नंबर असावा, आणि हे असंच चालू द्यावं.

सोमवारच्या बैठकीत ते टिपण वाचून अनघाचा चेहरा उतरला.

"हे तर लेनचा गैरवापर आहे," ती म्हणाली. "संख्या भरण्यासाठी रस्त्यावरून माणसं उचलणं. असे प्रकार बाहेरच्या देशांतही झालेत. धोरणावर टीका होते."

"पण माणसं खरी आहेत ना? त्यांना खरंच लोणावळ्याला जायचं असतं."

"आणि कुणाच्या गाडीत काही घडलं तर? अनोळखी माणसाच्या गाडीत सरकारनं बायका बसवल्या, अशी बातमी येईल."

"सरकारनं नाही बसवल्या. त्या स्वतः बसल्या. आणि डोळे उघडे ठेवून बसल्या."

"तेजल," केदारी मध्ये पडले, "जबाबदारी कुणाची, याला उत्तर आहे का तुझ्याकडं?"

तिच्याकडं फोन नंबरचं कलम होतं, गाडीचा क्रमांक नोंदवायची वही होती, वॉर्डनची साक्ष होती. ते सगळं तिनं सांगितलं. अनघानं ऐकून घेतलं, 'छान' म्हणाली, आणि मसुद्यात चौदावं कलम आलं : 'सहप्रवासी हे चालकाचे कुटुंबीय अथवा ओळखीचे असावेत. संख्यापूर्तीसाठी रस्त्यावरून प्रवासी घेतल्यास दंड आकारण्यात येईल.' ते चाचणीतही लगेच लागू करायचं ठरलं, आणि सूचना तोंडी द्यायचं काम अर्थातच कंत्राटी माणसावर आलं.

शनिवारी तिनं नाक्यावर बायकांना ते कलम वाचून दाखवलं. सुरुवातीला कुणाला कळलंच नाही. कळल्यावर शालूबाई पुढं आली.

"म्हंजी आधी आमाला जीपमदनं उतरवलंत. आता गाडीतनंबी उतरवताय. मग आमी जायाचं कसं गं बाई? उडत?"

"मावशी, मी विरोध केला होता."

"आगं, तुझ्या विरोधानं माजा खाडा चुकनार हाय का?" शालूबाईचा आवाज चढला आणि मग खाली आला. "आन् वळख वळख काय लावलंय? वळख व्हायला काय पत्रिका जुळवायची असती? मी शालूबाई, तुमी कोन, झाली वळख. गेल्या आठवड्यात त्या गाडीतल्या पोरीनं मला तिच्या बाळाचे फोटू दाखवले. वळख न्हाई तर काय हे?"

तेजलनं पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हणाली, "मसुद्यावर हरकती मागवल्यात. तीस दिवस मुदत आहे. तुम्ही सांगा, मी लिहिते."

नोकरीतल्या माणसानं आपल्याच कक्षाच्या मसुद्यावर हरकती लिहून देणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. तरी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून तिनं एकतीस कागद भरले. त्यातला एक हौशीरामचा. तो मात्र तिच्याशी बोलला नाही. सही केली आणि कागद टेबलावर सरकवला.

दहा दिवसांनी केदारींनी तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. समोर एकतीस कागदांचा गठ्ठा होता.

"सगळ्या हरकती एकाच अक्षरात आहेत," ते म्हणाले. "आणि ते अक्षर मी रोज बघतो."

तेजलनं गठ्ठ्याला हात लावला तसा केदारींनी तो स्वतःकडं ओढला.

"मी काही पाहिलं नाही. पण सुनावणीची तारीख लागलीय. शनिवार, सकाळी अकरा."

"शनिवार? सर, त्या सगळ्या शनिवारी कामावर असतात. हीच तर हरकत आहे त्यांची!"

"वरच्या साहेबांना शनिवारच मोकळा आहे. मी मंगळवार सुचवला होता." त्यांनी गठ्ठ्याची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "नाही ऐकलं."

तिनं अर्ज केला. अनघाला फोन केला. अनघा म्हणाली, मी विचारते, आणि मग तिचा फोन आलाच नाही. तेजलनं बायकांना कळवलं. दोघी-तिघींनी मालकाकडं सुट्टी मागून पाहिली. शनिवारी सुट्टी मागणाऱ्या बाईला रविवारी कुणी बोलवत नाही.

सुनावणीला लोणावळ्यातल्या सभागृहात ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या. हॉटेलवाल्यांच्या संघटनेचे दोघे आले होते. त्यांना लेन दुपारी तीनपर्यंत वाढवून हवी होती. एक निवृत्त गृहस्थ आले होते, त्यांना त्यांच्या सोसायटीसमोरचा गतिरोधक काढून हवा होता. वरचे साहेब अर्धा तास उशिरा आले, कारण ते रांगेत अडकले होते. गाडीत ते आणि चालक, दोघंच.

मग केदारी एकेक नाव वाचायला लागले आणि तेजल रजिस्टरमध्ये लिहायला लागली.

"शालूबाई... अनुपस्थित. झुंबरबाई... अनुपस्थित. हौशीराम... अनुपस्थित."

सातव्या नावाला तिनं पेन खाली ठेवलं. "सर, नुसतं अनुपस्थित नको. शनिवारी कामावर असल्यामुळं अनुपस्थित, असं लिहिते."

"कारणाचा रकाना नाहीये," साहेब म्हणाले. चिडून नव्हे, अगदी सहज.

"मग नावासमोरच लिहिते."

साहेबांनी घड्याळ बघितलं. केदारींनी पुढचं नाव वाचलं. तेजलनं एकतीस वेळा तेच वाक्य लिहिलं. रेघेबाहेर जात होतं तरी लिहिलं. सव्वाबाराला सुनावणी संपली. हॉटेलवाल्यांची मागणी तत्त्वतः मान्य झाली.

खुर्च्या उचलायला माणसं आली तेव्हा केदारी तिच्याजवळ आले. "हरकती निकाली काढल्या, आता शेरा लिहायचाय. चौदावं कलम राहणार, ते साहेबांनी सांगितलंय. पण 'ओळखीचे' या शब्दाची व्याख्या मसुद्यात नाही. विधी विभाग परत पाठवेल. व्याख्या तू लिही."

"मी?"

"व्याख्या कोण वाचतं," केदारी म्हणाले आणि खिडकी लावायला गेले.

तेजल रिकाम्या सभागृहात बसली आणि तिनं लिहिलं : 'ओळखीचे म्हणजे ज्या व्यक्तीचे नाव चालकास सांगता येते आणि जिला चालकाचे नाव सांगता येते, अशी व्यक्ती. प्रवासाच्या आरंभी झालेली ओळख यात समाविष्ट आहे.' जीपसाठीही तिनं एक ओळ लिहिली. केदारींनी दोन्ही वाचल्या. पहिलीखाली सही केली. दुसरीवर पेन टेकवलं, उचललं, आणि म्हणाले, "दोन्ही नाही निघणार. एकच निघेल. जीपच्या ओळीवर साहेबांचं लक्ष आहे." आणि त्यांनी ती खोडली.

अंतिम आदेश दीड महिन्यानं आला. व्याख्या तशीच्या तशी आली होती.

त्यानंतरच्या शनिवारी तेजल नाक्यावर गेली. एक तरुण गाडीवाला थांबला, शेजारी त्याची बायको. शालूबाई काचेशी वाकली. "मी शालूबाई, ही झुंबरबाई. तुमचं नाव?" त्यानं नाव सांगितलं. वॉर्डननं विचारलं, "या कोण?" गाडीवाला हसून म्हणाला, "शालूबाई आणि झुंबरबाई." वॉर्डननं दोघींनाही चालकाचं नाव विचारून घेतलं आणि शंकू बाजूला केला. जाताना शालूबाईनं काचेतून तेजलकडं हात केला.

तेजलला वाटलं होतं की आनंद होईल. झालाही, थोडा. मग मागून ओळखीचा हॉर्न आला. हौशीरामची जीप डाव्या लेनमध्ये उभी होती. आत चार बायका. पाच सीट रिकाम्या.

ती जवळ गेली. "भाऊ, जीपचंही लिहिलं होतं मी. खोडलं त्यांनी. परत लिहिते."

हौशीराम समोरच्या गाडीच्या दिव्यांकडं बघत होता. "तुमी आलात तवा म्हनलात, नऊच बसवा. बसवले. आता नऊबी मिळंनात. लेन त्यांची, गाड्या त्यांच्या, आन् बाया माज्या होत्या त्याबी गेल्या." त्यानं गिअर टाकला, पुढची गाडी वीतभर सरकली होती. "मॅडम, तुमचं वाईट न्हाई मनात. मला म्हाईत हाय. पन तुमी माझ्यासाटी आता काय लिहू नका."

जीप वीतभर पुढं गेली आणि थांबली. तेजल रस्त्याच्या कडेला उभी राहिली. उजव्या लेनमधून गाड्या सपासप जात होत्या, आणि प्रत्येक गाडीतली डोकी तिला न मोजताही दिसत होती. सोमवारी कक्षात गेल्यावर तिनं कोरा कागद घेतला, वर तारीख टाकली आणि 'विषय : परवानाधारक प्रवासी जीप' असं लिहिलं. केदारींनी लांबूनच ते पाहिलं, एक उसासा टाकला आणि आवक-जावक क्रमांकाची वही तिच्याकडं सरकवली.